दोष हाताचा की कोंबडीचा?

गेल्या आषाढातली गोष्ट. माझी भाची सांगलीला दिली आहे. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार. सामिष खाणाऱ्या घरात हा दिवस केवढा मोठा, हे तुम्हांला मी सांगायला नको! नणंद-नणंदावा, चुलत सासरे, त्यांची मुलं, अशी बारा-तेरा पानं जेवायला होती. रस्सा सासूबाईंनी करायचा आणि सुकं चिकन सूनबाईने, अशी वाटणी झाली. धाकटे दीर व्यायामशाळेत जाणारे. त्यांना कोंबडीच्या छातीचंच मांस हवं, तेही बिनहाडाचं. म्हणून शीतगृहाच्या दुकानातून तयार पाकिटं आणली. पाव किलोहून मोठे, चांगले जाडजूड तुकडे होते. पोरगी हरखली. आलं-लसूण, दही, हळद, तिखट लावून तिने ते दोन तास मुरवत ठेवले आणि नेहमीच्या पद्धतीने परतले.

पानं वाढली. रस्स्याला सगळ्यांनी नावाजलं. सुक्याचा घास मात्र तोंडात फिरायला लागला. चावावं तितकं चिवट! चुलत सासरे हसत हसत म्हणाले, "सूनबाई, चिकन म्हणायचं की खोडरबर?" सगळे हसले. सासूबाई चारचौघांत काही बोलल्या नाहीत. मागची आवराआवर करताना मात्र एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं हो."

रात्री तिचा मला फोन आला. आवाज भरलेला. "मावशी, माझं काय चुकलं गं?"

माझे यजमान पशुवैद्य. आता निवृत्त झाले आहेत. त्यांनी फोन माझ्या हातून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "कच्चा तुकडा एखादा उरलाय का?" उरला होता. तिने त्याचा फोटो मोबाईलवर पाठवला. गुलाबी मांसावर, जणू कुणी खडूने ओढाव्यात तशा पांढऱ्या रेघा होत्या. "दाबून बघ," हे म्हणाले. ती म्हणाली, "काका, पाटावर बोट ठेवल्यासारखं लागतंय."

"मग तुझं काहीच चुकलेलं नाही. ती कोंबडीच आजारी होती."

मैत्रिणींनो, त्या रात्री यजमानांनी तिला जे सांगितलं, तेच आज मी तुम्हांला सांगणार आहे. स्वयंपाक बिघडला की बोट आपल्याकडे वळतं. कधी आपल्या हाताकडे, कधी आपल्या माहेराकडे! पण काही वेळा बिघाड आपल्या चुलीपर्यंत यायच्या कितीतरी आधी झालेला असतो.

सहा आठवड्यांत पन्नास पट

आपल्या लहानपणी कोंबडी म्हणजे परसातली. ती दाणे टिपायची, उकिरडा उकरायची, रात्री खुराड्यात जायची. तिला वाढायला पाच-सहा महिने लागत. पाहुणा आला, बाळंतीण घरात असली किंवा कुणी दुखण्यातून उठलं, तरच ती कापली जाई. आज आपण आणतो ती ब्रॉयलर. अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिचं वजन सुमारे ४० ग्रॅम असतं आणि सहा आठवड्यांत ती दोन किलोच्या वर जाते. म्हणजे पन्नास पट! तीन किलोचं बाळ सहा आठवड्यांत दीडशे किलोचं झालं, तर आपण त्याला दृष्ट लागेल म्हणू की दवाखान्यात नेऊ?

"इंजेक्शनं देऊन फुगवतात," असं तुम्ही म्हणाल. हा समज घरोघर आहे, पण तो खरा नाही. हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये एकेकीला रोज टोचत बसणं कुणाला परवडणार? आणि त्याची गरजही नाही. ही वाढ पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीतून आली आहे. सर्वांत भराभर वाढणारा कोंबडा आणि तशीच कोंबडी निवडायची, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा सर्वांत मोठी निवडायची, आणि जोडीला मोजूनमापून खाद्य द्यायचं. अँटिबायोटिक औषधांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो खराही आहे. म्हणून तर २०१९ साली आपल्या सरकारने कोलिस्टिन हे औषध जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला बंदी केली. पण पांढऱ्या रेघांचा संबंध त्याच्याशी नाही.

या निवडीची मोठी सुरुवात अमेरिकेत झाली. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथे 'उद्याची कोंबडी' या नावाची स्पर्धा भरू लागली. किराणा मालाच्या एका मोठ्या साखळीने तिला पैसा पुरवला. रुंद छातीची, भरपूर मांसाची आणि लवकर वाढणारी कोंबडी तयार करा, अशी मागणी होती. १९४८ साली डेलावेअर राज्यात अंतिम फेरी झाली आणि कॅलिफोर्नियाच्या व्हॅन्ट्रेस यांच्या कोंबड्यांनी पहिला नंबर पटकावला. त्यांत कॉर्निश जातीचं रक्त होतं. गंमत अशी, की या कॉर्निश जातीच्या पूर्वजांत आपल्याकडचा असील आहे, झुंजीसाठी पाळतात तो दणकट कोंबडा! आज जगभर ताटात येणारी ती भरदार छाती काही अंशी आपल्याच असीलाची देणगी म्हणायची.

पुढे काय झालं ते एका प्रयोगावरून कळतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ सालच्या कोंबड्यांचे वंश, त्यांत काही फेरफार न करता, जपून ठेवले होते. ते आणि २००५ सालची व्यापारी ब्रॉयलर अशा तिघी त्यांनी एकाच खाद्यावर वाढवल्या. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ५६ दिवसांनी १९५७ ची कोंबडी भरली ९०५ ग्रॅम, १९७८ ची १,८०८ ग्रॅम आणि २००५ ची ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच आणि दिवसही तेवढेच, पण वजन साडेचार पटींहून जास्त!

यात आपला फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि कोंबडीपालनाच्या धंद्यात पुण्याचं नाव देशभर झालं. सणासुदीची कोंबडी रविवारची झाली. मटणाचा भाव ऐकून मागे फिरणाऱ्या घरांतल्या मुलांच्या पोटात चार घास प्रथिनं जाऊ लागली. हे ऋण मानलंच पाहिजे.

वस्ती वाढली, नळ तेवढाच

मग बिघडलं कुठे? मांस म्हणजे स्नायू आणि स्नायू म्हणजे सुतासारख्या बारीक तंतूंच्या जुड्या. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा या तंतूंची संख्या जवळजवळ ठरून गेलेली असते. नंतर तंतू वाढतात ते जाडीने. ब्रॉयलरच्या छातीत हे तंतू फार भराभर जाड होतात, पण त्यांना रक्त पोचवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या त्या मानाने वाढत नाहीत.

आपल्या गावांचंच उदाहरण घ्या ना. एका गल्लीत दहा घरं होती, तिथे चाळीस बिऱ्हाडं झाली, पण नळाची लाइन तीच राहिली आणि गटारही तेच. शेवटच्या बिऱ्हाडाला पाणी पोचत नाही आणि केरकचरा तुंबतो. कोंबडीच्या छातीत हेच होतं. तंतूंना प्राणवायू पुरत नाही आणि आतली घाण वाहून जात नाही. काही तंतू मरतात. शरीर बिचारं डागडुजी करायला धावतं, पण वाढीचा वेग असा, की डागडुजी पुरी पडत नाही. मग मेलेल्या तंतूंच्या जागी चरबी भरते आणि जखमेवर धरतो तसा चिवट, दोऱ्यांचा व्रण तयार होतो.

ही चरबी आणि हे व्रणाचे धागे म्हणजेच त्या पांढऱ्या रेघा. तंतू ज्या दिशेने जातात त्याच दिशेने त्या ओढलेल्या असतात. व्रण फार माजला की सगळी छाती कडक होते. त्याला 'लाकडी छाती' म्हणतात. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली या रोगाचं पहिलं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. तिसरा प्रकार याच्या उलट आहे. तंतूंना एकत्र बांधणारं आवरण सैल पडतं आणि मांस शेवयांसारखं सुटं होतं. बोटांनी ओढलं तरी धागे हातात येतात.

चौथा प्रकार जुना आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये टर्की पक्ष्यांत त्याची नोंद झाली आणि १९८० च्या सुमारास तो ब्रॉयलरमध्येही दिसला. छातीच्या मोठ्या स्नायूखाली एक निमुळती पट्टी असते. तिच्याभोवती न ताणणारी घट्ट पिशवी असते. पक्ष्याने जोरजोराने पंख फडफडवले, की ही पट्टी फुगते. पिशवी मात्र सैल होत नाही. मग रक्त अडतं, मांस आतल्या आत मरतं आणि हळूहळू हिरवट पडतं. बाहेरून काहीच कळत नाही. छाती उकलली की दिसतं.

छातीतच हे जास्त का? तंगडी चालण्याच्या कामाची आहे. तिथे रक्ताचा पुरवठा चांगला असतो आणि ते मांस गडद दिसतं. छाती उडण्यासाठी असते. आपली ब्रॉयलर कुठली उडायला! शिवाय माणसाने हौसेने वाढवली ती छातीच. 'चरबी कमी, प्रथिनं जास्त' म्हणून आधी परदेशात तिला मागणी आली आणि आता आपल्याकडची व्यायाम करणारी मुलंही तेच मागतात. पण रेघा फार असल्या तर त्याच छातीत चरबी दुपटीहून जास्त होते आणि प्रथिनं कमी होतात. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले, तेच कमी मिळतं!

हे केवळ कोंबडीपुरतं नाही. डुकरांत अंगावर मांस भराभर चढणाऱ्या काही जाती अशा निघाल्या, की कापण्यापूर्वी जराशी दगदग झाली तरी त्यांचं मांस फिकट, लिबलिबीत आणि पाणचट व्हायचं. यामागचा जनुकातला दोष १९९१ साली टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढला. गोव्यात किंवा अन्यत्र जिच्या घरी हे मांस शिजतं, तिने घेताना रंग जरूर पाहावा. बेल्जियममध्ये दुहेरी मांसाच्या गाई आहेत. त्यांची वासरं इतकी दणकट, की बहुतेक बाळंतपणं पोट उघडूनच करावी लागतात.

खावं की टाकावं?

आता तुमचा खरा प्रश्न. घाबरू नका. पांढऱ्या रेघा म्हणजे किडे नव्हेत आणि तो संसर्गही नाही. असं मांस नीट शिजवून खाल्ल्याने माणसाला रोग होत नाही. बिघाड आहे तो चवीचा, पोताचा आणि कसाचा. फक्त हिरवट पडलेली पट्टी मात्र काढून टाका. तेवढी खायची नाही. आणि हिरवटपणाबरोबर आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा असेल, तर ती गोष्टच निराळी. ते मांस शिळं झालंय, सगळंच टाका.

घेताना काय पाहाल? पहिलं म्हणजे आकार. हा दोष मोठ्या, वजनदार कोंबड्यांत जास्त आढळतो. म्हणून भाव तोच असेल, तर एका मोठ्या कोंबडीऐवजी दोन लहान घ्या. दुसरं, रेघा. केसासारख्या बारीक चार-दोन रेघा असल्या तर काळजी नको. दोऱ्याएवढ्या जाड आणि सगळीकडे पसरलेल्या असल्या तर तो तुकडा बाजूला ठेवायला सांगा. तिसरं, स्पर्श. चांगलं मांस बोटाने दाबलं की दबतं आणि परत वर येतं. लाकडी छातीला वरच्या, जाड टोकाला टणक उंचवटा येतो, कधी वर चिकट पाणीही सुटलेलं असतं. पाकीटबंद घेत असाल तर पाकिटावरूनही दाबून पाहता येतं, मात्र गोठलेलं असलं तर ही परीक्षा चालत नाही. भाचीची फसगत तिथेच झाली होती.

एक गफलत मात्र करू नका. नुकतीच कापलेली कोणतीही कोंबडी काही तास ताठरच असते. मेल्यावर स्नायू आखडतात, हा निसर्ग आहे. आपण दुकानातून आणतो आणि तशीच फोडणीत टाकतो, म्हणूनही मांस चिवट लागतं. चार-पाच तास फ्रिजमध्ये राहू द्या, ते आपोआप सैल पडेल. लाकडी छातीचा कडकपणा मात्र असा जात नाही. दोन्हींतला फरक ओळखायची ही सोपी खूण आहे.

घरी आलंच, तर?

पैसे गेलेत, मांस घरात आलंय. मग टाकायचं कशाला? जे जसं आहे तसं वापरायला आपल्याला कुणी शिकवायला नको.

थोड्या रेघा असतील तर बारीक तुकडे करून रश्शात घाला. काही कळणार नाही.

लाकडी छाती सुकी करू नका, भाजूही नका. तिच्यात मसाला आणि दही नीट मुरत नाही आणि शिजताना पाणी सुटून ती आणखी आवळते. दोन तास मुरवूनही भाचीचे तुकडे कोरडे राहिले ते म्हणूनच. पपईची पेस्ट लावली तर वरचा थर मऊ होतो, पण आतपर्यंत तिचं काम पोचत नाही. यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे खिमा. सुरीने आडवे पातळ काप करा, मग बारीक चिरा किंवा यंत्रातून काढा. चिवट धागे तुटले की निम्मी तक्रार गेली. कांदा-टोमॅटो परतून, मटार घालून खिमा करा, नाहीतर भिजवलेली हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, तिच्यात मिसळून शामी कबाब करा. शेवयांसारखं सुटणारं मांस कटलेटला आणि सूपला उत्तम. उकडून, पिंजून पोरांच्या सँडविचमध्ये घातलं तरी छान लागतं.

आजारी माणसासाठी किंवा बाळंतिणीसाठी सूप करायचं असेल, तर छातीच्या मागे न लागता तंगडी आणि पाठीची हाडं घ्या. सूपाला चव हाडांनी येते, आणि हा दोष मुख्यतः छातीतला आहे.

आणि त्या मुक्या जिवाचं काय?

आपल्या घासाचं बोलून झालं. आता थोडं तिच्याविषयी. ज्या कोंबडीची छाती अशी लाकडी होते, तिला पंख हलवणं जड जातं. अशी एखादी कोंबडी पाठीवर उलटी पडली, तर तिला पुन्हा उठता येत नाही, आणि तशीच पडून ती जीव सोडते. काहींना इतक्या लहान वयात आपलं वजन पेलवत नाही, मग त्या लंगडतात. काहींचं हृदय थकतं. सहा आठवड्यांचं तर आयुष्य, आणि त्यातलेही शेवटचे दिवस असे.

यात गावातल्या चिकनवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. शेड चालवणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. त्याला पिल्लं येतात तीच वाढवायची असतात. वेग आपण सगळ्यांनी मिळून मागितला आहे. मग थोडा हळू व्हा असंही आपण म्हणू शकतो. नेदरलँड्समधल्या मोठ्या दुकानांनी ताज्या मांसासाठी सावकाश वाढणाऱ्या जाती स्वीकारल्या, त्या गिऱ्हाइकांच्या आणि प्राणिप्रेमी संस्थांच्या आग्रहामुळेच. आपल्याकडे तर अशा जाती आहेतच. हैदराबादच्या सरकारी संशोधन केंद्राने परसात पाळण्यासाठी वनराजा काढली. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या काळ्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गावरान तर घरचीच. ती महाग पडते, खरं आहे. शिवाय रंगीत पिसं दिसली म्हणजे गावरान असं समजू नका. ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. महिन्यातून चार वेळा ब्रॉयलर आणण्याऐवजी एखाद्या वेळी गावरान आणली, चार तुकडे कमी वाढले आणि रस्सा जास्त केला, तर घरातलं कुणी उपाशी उठणार नाही.

आणि हो, भाचीचं पुढे काय झालं ते राहिलंच! दुसऱ्या दिवशी तिने उरलेला कच्चा तुकडा सासूबाईंच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आई, जरा दाबून बघता?" सासूबाईंनी दाबून पाहिला. पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "अगंबाई! हे तर कुणाच्याही हातून शिजलं नसतं." त्या तुकड्याचा दोघींनी मिळून खिमा केला आणि चुलत सासऱ्यांना मुद्दाम डबा पाठवला. डबा रिकामा परत आला.

आता श्रावण उलटला की बाजाराला सासूबाई स्वतः जातात, सूनबाई बरोबर असते. दुकानदार मोठी कोंबडी पुढे करतो. सासूबाई म्हणतात, "ती राहू दे. लहान दाखव. आणि आधी आमच्या सूनबाईला बघू दे."